आधी विचारलंत का?

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

"मी माझ्या मंडळीतच लहानाची मोठी झाले. गेली तीन वर्षं आम्ही दहा-बारा जणी महिन्यातून एकदा एकत्र प्रार्थनेला बसतो. सगळ्या एका चर्चच्या नाहीत. दोघी कॅथलिक आहेत, तिघी पेंटेकॉस्टल, बाकीच्या माझ्यासारख्या. मागच्या वेळी पेंटेकॉस्टल मंडळीतली एक जण म्हणाली, की जिथे पुस्तकातून वाचून प्रार्थना करतात त्या मंडळ्या मेलेल्या असतात, तिथे आत्मा नसतो. मला ते फार लागलं. ती आमच्या उपासनेला एकदाही आलेली नाही! त्यानंतर काही दिवसांनी आमच्यातल्या एका कॅथलिक मैत्रिणीला मी मरियेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसलेलं पाहिलं. मी तिला काही बोलले नाही. पण बाकीच्यांना सांगितलं, की ती मरियेची पूजा करते आणि अशा व्यक्तीबरोबर आपण प्रार्थना कशी करायची याचा विचार व्हावा. ते तिच्या कानावर गेलं. नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडणारी ती, या महिन्यात आलीच नाही. काही जणी म्हणतात मी ऐक्य मोडलं. मी म्हणते, मी सत्य बोलले. ऐक्यासाठी सत्य सोडायचं का? आणि पुढच्या प्रार्थनेला मी जाऊ की नको?"

— एक बहीण

ख्रिस्तात प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "ती आमच्या उपासनेला एकदाही आलेली नाही!" त्यातलं उद्गारचिन्ह तुमचंच आहे आणि रास्त आहे. जिने आपल्या चर्चची पायरीही चढलेली नाही तिने आपल्या मंडळीला मेलेली म्हणावं, याचा संताप कुणालाही येईल. मग थोडी पुढे गेले. "मी तिला काही बोलले नाही." इथे तुम्ही साधा पूर्णविराम देऊन पुढच्या वाक्याला लागलात. मी मात्र तिथेच अडकले.

तुमचा मुख्य प्रश्न आहे, ऐक्यासाठी सत्य सोडायचं का. नाही सोडायचं. जे ऐक्य खरं बोललं की मोडतं ते टिकवण्यात मलाही रस नाही. पण ताई, सोडायला ते आधी हातात असावं लागतं. तुमच्या हातात काय होतं ते बघू. एक बाई एका पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसली होती, एवढं तुम्ही पाहिलंत. ती काय म्हणत होती, कुणाला म्हणत होती, तिच्या मनात काय चाललं होतं, यातलं काहीच तुम्हाला दिसलं नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नसतं. ते विचारावं लागतं. "ती मरियेची पूजा करते" हे वाक्य तुमच्या मनात आधीपासून होतं, ती बाई दिसली आणि ते तिला चिकटलं. उद्या कदाचित ते खरंही निघेल. पण ज्या घडीला तुम्ही ते इतर जणींना सांगितलंत, त्या घडीला ते खरं आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्ही ऐक्य मोडलंत का हा माझ्या लेखी नंतरचा प्रश्न. पहिला घाव सत्यावरच बसला.

"आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली आणि तिचा अर्थ "खोटं बोलू नको" असा करून मोकळे झालो. पण शब्द साक्ष आहे. साक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं. जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं सांगितलं तर ती साक्ष नव्हेच, मग ते योगायोगाने खरं का निघेना. जाता जाता एक गंमत सांगते. ही आज्ञा कॅथलिक आणि लुथेरन मोजणीत आठवी येते, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मोजणीत नववी. शेजाऱ्याबद्दल खरं बोला असं सांगणाऱ्या आज्ञेचा क्रमांकसुद्धा आपल्याला एकमताने लावता आलेला नाही. शब्द मात्र सगळ्यांकडे तेच.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५२९ साली घराघरांतल्या मुलांसाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. त्यात या आज्ञेचा अर्थ सांगताना तो नुसतं "चहाडी करू नका" म्हणून थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याविषयी चांगलं बोला, आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा जितका चांगला अर्थ लावता येईल तितका लावा, असं तो सांगतो. त्याच शतकात इग्नेशियस लोयोला होऊन गेला, येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचा संस्थापक. लूथरच्या चळवळीला सर्वांत नेटाने तोंड दिलं ते त्याच्या संघाने. त्याची आध्यात्मिक साधनेची पुस्तिका १५४८ मध्ये रोममध्ये छापली गेली आणि तिच्या सुरुवातीलाच एक अट आहे. चांगल्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या म्हणण्याला दोष देण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावायला जास्त तयार असावं. तसा अर्थ लागतच नसेल तर त्याला विचारावं, तुम्ही हे कसं समजता? आणि त्याची समजूत चुकीची असेल तर प्रेमाने दुरुस्त करावी.

ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. भेटली असती तर काय झालं असतं कोण जाणे. पण या एका बाबतीत दोघांची वाट एकच आहे. इग्नेशियसचा क्रम नीट बघा. चांगला अर्थ, मग प्रश्न, मग दुरुस्ती. तुम्ही थेट तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिलात, आणि तिथेही समोर ती नव्हती.

मी हे उंचावर बसून सांगत नाही. तरुणपणी मी संडे स्कूलमध्ये शिकवत असे. एका रविवारी मुलांना ठासून सांगितलं, की कॅथलिक लोकांना बायबल वाचूच देत नाहीत. पुढच्या रविवारी एका मुलाची आजी आली. ती कॅथलिक होती, हे मला माहीत नव्हतं. तिच्या हातात झिजलेलं, कडा काळवंडलेलं बायबल होतं. तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही हे कुठे वाचलंत?" मी म्हटलं, एका पुस्तिकेत. "कुणी लिहिलेली?" आमच्याच एका माणसाने लिहिलेली होती. तिने आवाज चढवला नाही, हे जास्त जड गेलं. त्याच तासाला मी मुलांपुढे उभी राहून म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. एक दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मग आधी का सांगितलं?" मला काही उत्तर सुचलं नाही. अजूनही फारसं सुचत नाही. इतकंच कळलं होतं, की दुसऱ्या चर्चबद्दल मला जे "माहीत" होतं, त्यातलं जवळजवळ सगळं मी माझ्याच लोकांकडून ऐकलेलं होतं.

आता एक शास्त्रभाग तुमच्याबरोबर सावकाश वाचायचा आहे. यहोशवाचा बाविसावा अध्याय. यावर प्रवचन क्वचितच ऐकू येतं. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांना यार्देनच्या पूर्वेला वतन मिळालेलं. लढाई संपवून ते घरी निघाले आणि नदीकाठी त्यांनी एक भलीमोठी वेदी बांधली. लांबून दिसेल इतकी मोठी. बाकीच्या इस्राएलाच्या कानावर गेलं. शास्त्र म्हणतं, त्यांनी ऐकलं. आणि नुसत्या ऐकण्यावर सगळी मंडळी शिलोला जमली ती लढाईच्या तयारीने. त्यांची भीती पोकळ नव्हती. परमेश्वराच्या वेदीखेरीज दुसरी वेदी उभी करून होमार्पणं करणं ही त्यांच्या श्रद्धेतली क्षुल्लक बाब नव्हती, ते बंडच झालं असतं. म्हणजे "मी सत्य बोलले" हे तुमचं वाक्य त्यांच्याही तोंडी शोभलं असतं.

पण तलवार उपसण्याआधी त्यांनी माणसं पाठवली. फिनहास आणि त्याच्याबरोबर दहा सरदार. फिनहास काही मवाळ माणूस नव्हे, मूर्तिपूजेच्या प्रकरणात भाला उचललेला तो माणूस. तोही गेला आणि बोलला. बोलणं गोड नव्हतं. पहिल्याच वाक्यात त्याने विश्वासघाताचा आरोप केला. मात्र पुढे तो आणखी एक गोष्ट म्हणतो आणि ती मला दरवेळी थांबवते: तुमचा देश अशुद्ध वाटत असेल तर पलीकडे या, आमच्यामध्ये वतन घ्या. आरोप खरा की खोटा हे कळायच्या आधीच त्याने स्वतःच्या जमिनीत वाटा देऊ केला. रागावलेल्या माणसाकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मग पलीकडचे बोलले. ही वेदी होमार्पणासाठी नाहीच, ते म्हणाले. आम्हाला भीती वाटली, की उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील, मध्ये यार्देन आहे, परमेश्वराशी तुमचा काय संबंध? म्हणून साक्ष म्हणून ही बांधली, की आम्हीही त्याचेच आहोत.

आलं का लक्षात? जी वस्तू फुटीची खूण वाटली होती ती फुटू नये म्हणूनच उभारलेली होती. लांबून ते दिसणं शक्यच नव्हतं. लांबून दिसली ती नुसती वेदी, आणि वेदी म्हणजे काय हे पाहणाऱ्यांनी आपल्या मनाने ठरवलं. फिनहासने ऐकून घेतलं, त्याला पटलं, तो परत गेला आणि ज्या लोकांनी लढाईची तयारी केली होती त्याच लोकांपुढे त्याने खरी हकिगत सांगितली. हा शेवटचा भाग विसरू नका, आपल्याला त्याची गरज पडणार आहे. वेदी खरंच होमार्पणासाठी असती तर? तर वाद झाला असता आणि व्हायलाही हवा होता. विचारल्याने सत्य पातळ होत नाही.

तुमच्या पेंटेकॉस्टल बहिणीकडे वळते. तिच्यासाठी माझ्याकडे दोन दारूडे आहेत. घाबरू नका, दोघेही प्यालेले नव्हते. पहिली हन्ना. मंदिरात ओठ हलताहेत, आवाज येत नाही, म्हणून एली याजकाने ठरवलं, ही झिंगलेली आहे. दुसरे पन्नासाव्या दिवसाचे शिष्य. त्यांचा आवाज येतोय, तोही नाना भाषांत, म्हणून लोकांनी ठरवलं, हे नव्या द्राक्षारसाने मस्त झालेत. एक मुकी प्रार्थना आणि एक मोठ्याने केलेली, दोन्हींना शेरा एकच. पाहणाऱ्याला जे सवयीचं नसतं ते त्याला बिघडलेलं वाटतं, यापलीकडे त्या शेऱ्यात काही नव्हतं. पेत्राचं उत्तर मला फार आवडतं. तो दुखावला जात नाही, चिडत नाही, घड्याळ दाखवतो. अहो, अजून सकाळचे नऊच वाजलेत. एलीलाही श्रेय द्यायला हवं. हन्नाने समजावताच त्याने एका दमात मत बदललं आणि तिला शांतीने जा म्हणून आशीर्वाद दिला. चुकलेल्या याजकांत एवढ्या झटकन वळणारे थोडे.

तेव्हा ती बहीण तुमच्या लिखित प्रार्थनांना मेलेल्या म्हणाली, तो एलीचाच शेरा आहे. आणि तिच्या मंडळीत आत्म्याच्या प्रेरणेने अन्य, अनोळखी भाषांत प्रार्थना करतात, त्याला कुणी नाटक म्हणालं, तर तो पन्नासाव्या दिवसाच्या गर्दीचा शेरा. तुमच्या मनात तसं कधी आलेलंच नाही, असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकाल का? मी नाही म्हणू शकत.

तुम्ही म्हणाल, हे प्रकार बायकांच्या प्रार्थनागटात घडतात, मोठ्या धर्मपंडितांचं असं होत नसेल. ताई, १६ जुलै १०५४ रोजी पोपचा दूत म्हणून आलेल्या कार्डिनल हंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या चर्चमध्ये वेदीवर बहिष्काराचा लेख ठेवला. पूर्वेची ग्रीक (ऑर्थोडॉक्स) आणि पश्चिमेची रोमन (कॅथलिक) मंडळी यांच्या फुटीची गोष्ट सांगताना हाच दिवस सांगितला जातो. त्या लेखातला एक आरोप असा, की ग्रीकांनी विश्वासांगीकारातून, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीतून, "आणि पुत्रापासून" हे पवित्र आत्म्याविषयीचे शब्द काढून टाकले. प्रत्यक्षात ते शब्द मुळात नव्हतेच. ३८१ सालच्या विश्वासांगीकारात आत्मा पित्यापासून निघतो एवढंच आहे, पुढचे शब्द पश्चिमेत नंतर जोडले गेले, आणि खुद्द रोममध्ये ते मिस्सेत म्हटले जाऊ लागले १०१४ पासून. म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांपूर्वी. जोडणाऱ्यांनी न जोडणाऱ्यांवर काढल्याचा आळ घेतला! जुनी प्रत उघडून पाहिली असती तरी पुरे होतं. शिवाय ज्याच्या नावाने हंबर्ट आला होता तो पोप नववा लिओ एप्रिलमध्येच वारला होता. ते बहिष्कार मागे घेतले गेले ७ डिसेंबर १९६५ रोजी, पोप सहावा पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्माध्यक्ष (पेट्रिआर्क) अथेनागोरास यांच्या हातून. नऊशे अकरा वर्षांनी. आणि तरीही एका वेदीवरून दोघांना प्रभुभोजन घेता येत नाही, कारण दरम्यान खरे मतभेदही भरपूर साचले. फूट एका चुकीच्या आरोपाने झाली असं मी म्हणत नाही, तिची कारणं जुनी आणि गुंतागुंतीची आहेत. पण एकदा लोक आपापल्या घरी दार लावून बसले, की चुकीचा आरोप दुरुस्त करायलाही कुणी शिल्लक राहत नाही.

इजिप्तमधल्या कॉप्टिक मंडळीचं तसंच. ४५१ च्या खाल्केदोनच्या परिषदेनंतर त्यांना "एकस्वभाववादी" म्हटलं गेलं, म्हणजे ख्रिस्ताचं माणूसपण त्याच्या देवपणात विरघळून गेलं असं मानणारे. ते स्वतः असं मानणाऱ्या युतुखेसला चुकीचाच ठरवत होते. १९७३ मध्ये पोप सहावा पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरा शेनुदा यांनी एकत्र सही केली, की ख्रिस्त परिपूर्ण देव आणि परिपूर्ण मनुष्य आहे, यावर आमचा विश्वास एक आहे. एका ग्रीक शब्दाचा अर्थ दोघे वेगळा घेत होते.

आणि विचारण्याचं काम नेटाने केलं तर काय दिसतं? ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात लुथेरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ज्या शिकवणीवरून सोळाव्या शतकात युरोप फाटला, तीच शिकवण. त्यामागे तीसेक वर्षांच्या बैठका होत्या. निवेदन "आमच्यात काही फरकच नाही" असं म्हणत नाही. ते म्हणतं, मूळ गाभ्यावर आम्ही एक आहोत, आणि जुने धिक्कार या निवेदनात मांडलेल्या एकमेकांच्या शिकवणीला लागू होत नाहीत. उरलेले फरक पुढे नीट लिहून ठेवले आहेत. सगळ्या लुथेरन मंडळ्यांना ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात सामील झाले, रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना २०१७ मध्ये. मला त्यातली पद्धत घेण्यासारखी वाटते. समोरच्याची शिकवण समोरच्याच्या तोंडून ऐकायची, ती त्याला "हो, हेच" म्हणता येईल अशा शब्दांत मांडायची, आणि मगच कुठे जमत नाही ते बोलायचं.

आता तुमच्या मैत्रिणीला हे लावून बघा. तिला विचारलंत तर ती काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही, कारण मीही तिला विचारलेलं नाही. तिचं चर्च काय शिकवतं ते सांगू शकते. ७८७ मध्ये निकायाच्या दुसऱ्या परिषदेने स्पष्ट भेद केला: प्रतिमांना आदर द्यावा, आणि तो प्रतिमेतून ज्याची ती प्रतिमा त्याच्याकडे जातो, पण आराधना केवळ देवाचीच. मरियेला उद्देशून म्हणायच्या त्यांच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातून, गब्रिएल आणि अलीशिबेच्या तोंडून आलेला आहे. उत्तरार्धात तिला एकच विनंती आहे, आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर. देवाकडे मागतात तसं तिच्याकडे क्षमा किंवा तारण तिथे मागितलेलं नाही.

यावर तुमचं समाधान होईलच असं नाही. माझंही पुरतं होत नाही. मी स्वतः संतांना विनंती करत नाही. देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन माझ्यासाठी पुरेसं आहे. कॅथलिक बहीण त्यावर म्हणते, मग तू मला "माझ्यासाठी प्रार्थना कर" असं का म्हणतेस? तिच्या मते मरण पावलेले विश्वासणारे ख्रिस्तात जिवंतच आहेत, त्यांनाही तसंच म्हणता येतं. मी म्हणते, तसं करायला शास्त्रात आधार दिसत नाही. हा खरा मतभेद आहे, त्याला वजन आहे, आणि त्यावर आम्ही दोघी डोळ्यांत डोळे घालून बोलू शकतो. "ती मरियेची पूजा करते" या वाक्यावर मात्र बोलणंच होऊ शकत नाही, कारण त्या वाक्यात ती नाहीच. आणि काही लोक भक्तीच्या भरात चर्चच्या शिकवणीपलीकडेही जातात, हे कॅथलिक धर्मगुरूसुद्धा कबूल करतील. तुमची मैत्रीण त्यांतली आहे का? विचारा.

कुणी तुम्हाला "दोष काढू नका म्हणजे तुमचे दोष काढण्यात येणार नाहीत" हे वचन तोंडावर फेकून गप्प करू पाहत असेल, तर त्याला गप्प बसू नका. प्रभूने योहानाच्या सातव्या अध्यायात न्याय करूच नका असं म्हटलेलं नाही. वरवर दिसतं त्यावरून करू नका, नीट करा, असं म्हटलंय. अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौल त्याला तोंडावर बोलला. करिंथकरांच्या भांडणाबद्दल लिहिताना त्याने "कुणीतरी सांगितलं" असं मोघम लिहिलं नाही, ख्लोवेच्या माणसांकडून कळलं असं नाव घेऊन लिहिलं, म्हणजे ज्याला खात्री करायची त्याला करता यावी. समोर बोलणं आणि माहिती कुठून आली ते सांगणं, एवढं पाळलं असतं तर तुमचं पत्र मला आलंच नसतं.

तर आता काय करायचं. आधी मैत्रिणीकडे जा, एकट्या. फोनवर नाही, आणि प्रार्थनागटाला कळवण्यासाठी मोबाइलवर लांबलचक संदेश तर मुळीच नाही. "तुझं मन दुखावलं असेल तर सॉरी" असं म्हणू नका, त्यात चूक तिच्या मनाची होते. म्हणा, "मी तुला न विचारता तुझ्याबद्दल सांगितलं. ते मला माहीत नव्हतं, तरी माहीत असल्यासारखं सांगितलं." एवढंच, आणि थांबा. त्याच भेटीत मरियेचा विषय काढू नका. माफी मागायला आलेली बाई चहाचा कप खाली ठेवायच्या आत वाद घालू लागली, तर माफी कशासाठी होती ते समोरचीला बरोबर कळतं. तिने रागाने काही बोललं तर ऐकून घ्या. ती लगेच "जाऊ दे" म्हणेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मग फिनहासचं काम. ज्या जणींना सांगितलं त्याच जणींना, त्याच प्रार्थनेच्या बैठकीत सांगा, की मी खात्री न करता बोलले. मैत्रिणीला आधी विचारून घ्या, हे तिच्यासमोर केलेलं चालेल की तिच्या माघारी. ही गोष्ट तुम्हाला सगळ्यांत जड जाईल. मला ती दहा वर्षांच्या मुलांपुढेही जड गेली होती.

पुढे कधी, तिची इच्छा असेल तेव्हा, प्रश्न विचारा. "तू गुडघे टेकतेस तेव्हा काय म्हणतेस?" हा चांगला प्रश्न आहे. "तू असं का करतेस?" हा नाही, त्यात निकाल आधीच लागलेला असतो. उत्तर ऐकल्यावर ते तुमच्या शब्दांत तिला सांगून बघा आणि विचारा, बरोबर समजले का. ती "नाही" म्हणाली तर पुन्हा ऐका. पटेल की नाही ते नंतर. एकीचं नाव काढून हे बोलणं टाळू नका. तीन वर्षं तुम्ही एकत्र बसता आहात आणि एकमेकींच्या प्रार्थनेबद्दल कुणीच कुणाला काही विचारलेलं नाही, हे मला तुमच्या भांडणापेक्षा जास्त खटकलं. तुमचं जमत होतं, कारण बोलणंच होत नव्हतं.

पेंटेकॉस्टल बहिणीने तुमची माफी मागावी असं मलाही वाटतं. पण त्याची वाट बघू नका. तिला तुमच्या उपासनेला बोलवा. शेजारी बसवा, पुस्तकातलं पान काढून द्या. ज्या प्रार्थना तुम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलात त्यांतली तुम्हाला सर्वांत प्रिय कोणती आणि ती कुठल्या दुखण्यात कामी आली, ते तिला सांगा. मग तिच्याकडे जा, आणि तिथे टाळ्या वाजू लागल्या की चेहरा सांभाळा. "मेलेली" म्हणजे तिला नेमकं काय म्हणायचं होतं तेही विचारा. कदाचित ती स्वतःच अशा एखाद्या मंडळीतून आली असेल, जिथे तिच्या गरजेच्या वेळी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. हाही माझा अंदाज झाला. खोडते.

गटाने पुढे एकत्र काय करावं, यावर स्वीडनमधल्या लुंड इथे १९५२ मध्ये भरलेल्या, चर्चेसच्या ऐक्यासाठीच्या विश्वास आणि रचना परिषदेने एक प्रश्न चर्चेसपुढे ठेवला होता: मनापासूनच्या मतभेदामुळे जिथे वेगळं वागणं भागच आहे तेवढं सोडून, बाकी सगळं आपण एकत्र करू नये का? तुमच्याकडे त्याचा अर्थ साधा आहे. जपमाळ एकत्र म्हणायचा आग्रह कुणी धरू नये, अन्य भाषांचाही नाही. स्तोत्रं, शास्त्रवाचन, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" यात कुणाची अडचण नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या वेळी जाऊ की नको. जा, आणि अर्धा तास आधी जा. ती आली तर खुर्च्या दोघी मिळून मांडा. नाही आली, तर या वेळी तुम्ही मांडा, आणि तिची एक जास्तीची मांडून ठेवा.